दुसऱ्या भागातली बाई

धान निघाल्यावर नागभीडला तंबूतला सिनेमा आला. सत्तावन्न सालची थंडी होती. दिवेलागणीच्या खेळाला गुणवंतराव मफलरनं तोंड झाकून बायकांची जागा वेगळी करणाऱ्या दोरीशेजारी येऊन बसले.

आज लागलेल्या भयपटाच्या पहिल्या भागाचे ते नायक. तो गाजला, म्हणून दुसरा भाग त्यांनी हट्टानं स्वतःच दिग्दर्शित केला, मुलचेऱ्याकडच्या जंगलात. भूत दाखवायचंच नाही, भीती आपल्या चेहऱ्यावर दिसली की पुरे, असं त्यांचं म्हणणं. शहरांत लोक अर्ध्यातून उठून गेले. इथं तरी कुणाला भिडेल, या आशेनं ते आले होते.

पडद्यावर गुणवंतराव बांबूंतून धापा टाकत धावू लागले. तंबूत हशा पिकला.

"कोनाले भेऊन राह्यला रे हा?" कुणीतरी ओरडलं.

त्यांचे कान तापले. उठून जावं असं वाटलं, तेवढ्यात हसू पुढच्या रांगांपासून मागं विझत आलं. पोरं आयांच्या पदरात शिरली. नुसती मशीनची घरघर. पडदाभर त्यांचाच चेहरा होता.

जमलं म्हणायचं! ते सुखावले.

रीळ बदलायला दिवे लागले. दोरीपलीकडं गावातली शकुबाई लेकराला कवटाळून बसली होती.

"भ्यालात ना बाई, त्याचा चेहरा पाहून?" त्यांनी मफलरीआडून विचारलं.

"चेहऱ्याले काऊन भ्याव जी? थे मांगं उभी हाय ना."

"कोण?"

"बाई. तुमाले दिसली नाई?"

त्या जंगलात त्यांनी एकाही बाईला नेलं नव्हतं.

दिवे मालवले, खेळ पुढं सुरू झाला. या खेपेला त्यांनी स्वतःला सोडून मागचे बांबू निरखले. बांबूच होते. पानही हलत नव्हतं.

"जवळ आली," शकुबाई पुटपुटली.

त्यांना काहीच दिसेना.

मग तंबूभर लोकांनी रोखलेला श्वास सोडला.

"गेली?" त्यांनी विचारलं.

शकुबाईनं पडद्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागं, वर वर गेली आणि तिथंच थांबली. लेकरू उचलून ती दूर सरकली.

शेजारचे उठले. मग त्यांच्या शेजारचे.

मान वळवायचा धीर होईना.

पडद्यावर स्वतःला ओरडत ठेवून ते दाराकडं निघाले. राखणीला असलेल्या मुखरूनं कनात वर धरली. ते वाकून बाहेर पडले, चार पावलं गेले, आणि न राहवून वळले.

मुखरू एकटाच होता. त्यानं कनात सोडली नव्हती. टाचा उंचावून, हात पुरेल तितकी ती वर उचलून, तो मान खाली घालून उभा होता.