परवानगी नाकारली

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. २००८ च्या दिवाळीत प्रतिभानगरातल्या आमच्या घरी वायरलेस राऊटर बसवला. कोणतं यंत्र किती वेळ इंटरनेट वापरतं हे त्याच्या पानावर दिसायचं, आणि मला त्याचं भारी अप्रूप. यंत्रं दोनच. माझा संगणक आणि शांभवीचा मोबाईल, तिच्या मामानं बेंगळूरहून आणलेला.

शांभवी आमची एकुलती एक. बारावीला होती. क्लासवरून आली की चप्पल काढता काढता मोबाईल जोडायची. यादीत वेळ दिसायची, चार चाळीस. मग दोन तास सुटका नाही. जानेवारीत मी तिच्या मोबाईलचा क्रमांक राऊटरवर बंद करून टाकला. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच असा एक क्रमांक मिळतो, एकाचा दुसऱ्याला नसतो.

"परीक्षा झाली की चालू करतो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

पंधरा दिवसांनी तिला ताप आला. दवाखान्यात सलाईनचा हात तसाच ठेवून तिनं विचारलं, "पप्पा, आता चालू करता?"

"आधी बरी हो."

चौथ्या दिवशी हातकणंगल्याजवळच्या आमच्या शेतात, आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून, माती दिली.

मार्चमध्ये काही कामासाठी राऊटरचं पान उघडलं. नाकारलेल्या जोडण्यांची यादी संपता संपेना. रोज चार चाळीसला सुरुवात, दर दहा सेकंदांनी एक प्रयत्न, दोन तास. सगळीकडे एकच क्रमांक. शांभवीचा.

मी बायकोला विचारलं, "दानम्मा, पोरीचा मोबाईल कुठं ठेवलायस?"

ती शेंगा निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तिच्या मांडीवर ठेवला की. माती ढकलायच्या आधी."

"कुणाला न सांगता?"

"कुणाला सांगायचं हुतं?"

मी तिच्या मोबाईलवर फोन लावून पाहिला. बंद. राऊटरवर दिसणाऱ्या क्रमांकाची दुसऱ्या यंत्रावरून नक्कल करता येते हे मला माहीत होतं, म्हणून शेजारी बाळासोंकडे जाऊन आलो. त्यांच्याकडे इंटरनेटच नव्हतं. वरच्या मजल्याला कुलूप होतं. शेत वीस किलोमीटरवर. आमचा राऊटर तर फाटकापर्यंतसुद्धा पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी पान उघडून बसलो. चार चाळीस.

नाकारली. नाकारली. नाकारली.

दानम्मा मागे येऊन उभी राहिली. "काय लिहिलंय ते?"

मी वाचून दाखवलं, यादी कसली तेही सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "रोज दारात उभी ऱ्हातीय, आणि तुम्ही आत घेत न्हाईसा."

ती जाऊन कोचावर बसली, पदरात तोंड घालून.

मी क्रमांकापुढची बंदीची खूण काढली.

यादी थांबली. शांभवीच्या नावापुढं हिरवा ठिपका आला.

वापर पाहिला. शून्य. काही मागवत नव्हती, काही पाठवत नव्हती. नुसती जोडलेली होती.

शेवटच्या रकान्यात सिग्नल असतो. यंत्र जवळ असलं की जास्त. राऊटर कोचाला लागून असलेल्या टेबलावर, माझा संगणक खोलीच्या कोपऱ्यात. माझा आकडा ब्याऐंशी. तिचा अकरा.

मग तीस.

चोपन्न.

एकाहत्तर.

दाराकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. दानम्माला आकडे सांगितले नाहीत. तिला कोचावरून संगणकाचा पडदा दिसतही नव्हता.

अठ्ठ्याण्णववर आकडा थांबला.

मागे कोच कुरकुरला. दानम्मा जरा सरकून, शेजारी जागा करून बसली होती.