भावठसा जुळत नाही

स्मृतिसाठा केंद्राच्या तक्रार कक्षात बसून अशफाक मुजावर गेली कित्येक वर्षं एकच वाक्य ऐकत आला होता : "काल-परवापर्यंत व्यवस्थित चालत होतं हो." काल-परवापर्यंत चालत असलेलं खातं त्याच्या टेबलावर अजून एकदाही आलं नव्हतं.

त्या सकाळी हे वाक्य ऋजुता पाटगावकरनं म्हटलं. शेजारच्या खुर्चीवर तिची मावशी पर्स घट्ट धरून बसली होती. इंदुमती वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. विस्मृतीचा आजार सुरू झाला तेव्हा तिच्या कानामागे स्मृतिकण बसवला होता. ती झोपली की हा कण तिच्या आठवणींची प्रत काढून मिरजेतल्या या केंद्राच्या सर्व्हरवर पाठवी आणि दिवसभरात जे पुसलं गेलं असेल ते जुन्या प्रतीतून पुन्हा भरून देई. सगळं आपोआप. पण आपोआप चालणारी गोष्ट बंदही आपोआपच पडते, कुणाला पत्ता न लागता, एवढं शहाणपण मुजावरला नोकरीनं दिलं होतं.

"वर्ष होत आलं की ताई, एक प्रत निघालेली नाही," तो म्हणाला. "पासवर्ड जुळत नाही. सारखा चुकतोय म्हणून मशीननं खातंच बंद केलंय."

"आणि आम्हाला कुणी कळवलं नाही?"

"कळवलंय की. रोज मेसेज गेलाय." त्यानं नंबर वाचून दाखवला.

ऋजुता हळू आवाजात म्हणाली, "हा आईचा नंबर. ती गेली. वर्ष होईल आता."

"शरयूला फोन लावताय?" इंदुमती मध्येच म्हणाली. "आत्ता नका लावू. या वेळी ती डुलकी काढते, उठवलं की दिवसभर कुरकुर करेल."

मुजावरनं बरंच पाहिलं होतं, तरी त्याला वाईट वाटलं. त्यानं मेंदूतज्ज्ञ डॉक्टर चौगुल्यांना बोलावून घेतलं.

चौगुले थकलेलेच आले. ते नेहमीच थकलेले असत. ऋजुतानं विचारलं, "साधा अंगठा का नाही ठेवत तुम्ही पासवर्ड म्हणून?"

"झोपलेल्या माणसाचा अंगठा कुणीही लावून घेईल. उघडणार काय, तर त्याच्या आठवणी. आणि आकडे ठेवावेत, तर विसरणाऱ्या माणसानं ते लक्षात कसे ठेवायचे? म्हणून भावठसा. जिवाभावाच्या माणसाचा आवाज कानी पडला की मेंदूत एक लहर उमटते. प्रत्येकाची वेगळी. ती चोरता येत नाही, विसरता येत नाही. यांनी बहिणीचा आवाज निवडला होता. रोज रात्री कण त्याचं ध्वनिमुद्रण यांच्या कानात वाजवतो."

"दोघी जन्मभर एका घरात राहिल्या आणि जन्मभर भांडल्या," ऋजुता म्हणाली.

"मग ठसा चांगलाच खोल असणार. पण बहीण गेली. आवाज तोच, ऐकणारी तीच, लहर मात्र बदलली. मशीनच्या लेखी या परक्या बाई झाल्या. प्रती थांबल्या, आजाराला रान मोकळं मिळालं. हा आजार ताज्या आठवणी आधी खातो."

"म्हणजे बहीण गेल्याचंही खाल्लं," मुजावर म्हणाला.

"हो. तेव्हा जुनी लहर आज पुन्हा उमटायला हवी. लावून बघा."

मुजावरनं इंदुमतीच्या कानांवर हेडफोन चढवला. ध्वनिमुद्रण वाजलं : "अगं ए शहाणे, पानं घेतलीत!" इंदुमतीचा चेहरा उजळला. "आले, आले! जरा दम धर." पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं की मग!" ऋजुता आनंदानं म्हणाली.

"कुठलं व्हतंय," मुजावर म्हणाला. "आता आठवणी भरल्या की मावशी हुशार होणार. बहीण कुठाय म्हणून विचारणार. तुम्ही किती दिवस थापा मारणार? कळलं की लहर बदलली, पुन्हा कुलूप. उघडलंय तोवर पासवर्ड बदलून घ्यायचा."

त्यांनी शाळेची प्रार्थना लावून पाहिली. थालीपिठाचा वास दिला. तिच्या लाडक्या बकुळीची फुलं हातात दिली. दर वेळी पडद्यावर तेच : पासवर्ड कमजोर आहे. खोल असं आता तिच्यात एकच उरलं होतं. तोच आवाज, पण खरं काय ते कळल्यावर ऐकलेला.

"म्हणजे मी तिला सांगायचं," ऋजुता म्हणाली. "आणि ते साठ्यात जाणार. ती कधीच विसरणार नाही."

"नाही," चौगुले म्हणाले.

"डॉक्टर, आत्ता ती सुखात आहे हो."

"आहेत ना. काही महिन्यांनी त्या तुम्हाला ओळखणार नाहीत. तेव्हाही सुखातच असतील."

ऋजुतानं खुर्ची पुढे ओढली, मावशीचे हात हातात घेतले. "मावशी, आई गेली गं. हार्ट अटॅक आला. आपण दोघी जवळ होतो."

इंदुमतीनं आधी "काहीतरीच काय बोलतेस!" म्हणून झिडकारलं. मग ती जी रडायला लागली, ते ऐकवत नव्हतं. कानात बहीण जेवायला बोलावत राहिली. मुजावर कीबोर्डकडे बघत ठसा घेत होता. तो नोंदला गेला, आणि पडद्यावर ओळ आली :

मेंदू स्थिर झाल्यावर नवा पासवर्ड पुन्हा एकदा द्या.

मुजावरनं कपाळाला हात लावला. "दोनदा घेतंय ताई. चुकून उमटलेली लहर नको म्हणून. दुसरी जुळली की मगच साठा चालू होतो. पहिली प्रत मग झोपेची वाट बघत नाही, लगेच निघते आणि पुसलेलं भरूनही देते."

निरोगी माणसाला स्थिर व्हायला कपभर चहा पुरतो. इंदुमतीचं रडं हुंदक्यांवर आलं, हुंदके थांबले. तिनं गालांवरून हात फिरवला आणि ओल्या बोटांकडे नवलानं पाहिलं. "माझ्या डोळ्यांना पाणी का येतंय गं? शरयूला म्हणावं, येताना ड्रॉप्स आण."

आलेख सपाट झाला होता. यंत्र वाट बघत होतं.

"तुम्ही सांगा ना," ऋजुता मुजावरला म्हणाली.

"मी सांगितलं तर ठसा वेगळा येईल, ताई."

या खेपेला ऋजुताच आधी रडली. शब्द तेच वापरले, तितक्याच हळू बोलली. चौगुले खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. हिरवी खूण आली, आणि पहिली प्रत निघायला लागली.

मुजावरनं तक्रार निकालात काढली आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. चहा पिता पिता इंदुमतीची नजर दाराकडे गेली. शरयूला शोधणारी ती नजर ऋजुताला आता चांगली ओळखीची झाली होती. प्रश्न यायच्या आत सांगून मोकळं व्हावं म्हणून तिनं कप खाली ठेवला.

"राहू दे," मावशी म्हणाली. "लक्षात आहे माझ्या."