रविवारी काळा होणारा ओढा

"सोडा त्याला! आधी कान सोडा त्याचा!"

एस्तेर ओढ्याच्या काठावरून अशी धावत सुटली, की तिची एक चप्पल चिखलातच रुतून राहिली. तिला चपलेचं भानच नव्हतं. समोर गावातल्या हनुमंतकाकांनी तिच्या धाकट्या भावाचा, नऊ वर्षांच्या योएलचा, कान असा पिरगाळला होता की बिचारा चवड्यांवर उभा होता. त्याच्या हातात काचेची बाटली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"बघा गेनबा, रंगेहात सापडलं!" हनुमंतकाका ओरडले. "रोज बाटल्या घिऊन येत्यात आन् कायबाय ओतत्यात. मासं उगाच मेलं व्हय? तुमची म्हस उगाच आजारी पडली व्हय?"

"ओतत नाहीये, भरतोय!" एस्तेर किंचाळली. "पाणी भरतोय तो! दिसत नाही का तुम्हाला?"

"जीभ बघा पोरीची! शाळंत घातली असती तर कायतरी वळण लागलं असतं. घरात बसून कसली शाळा करत्यात कुणाला ठावं!"

गेनबा आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. साळवे कुटुंब त्यांच्याच घरात भाड्यानं राहत होतं. एरवी ते एस्तेरला हाक मारून पेरू द्यायचे. आज त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोरी, तुझ्या बापाला सांग," ते म्हणाले, "दिवाळीची सुट्टी सरली की घर खाली करा. माझी म्हस उठंना झालीया. आता माझ्याच्यानं न्हाई हुणार."

हनुमंतकाकांनी कान सोडला आणि ते गालातल्या गालात हसले. ते हसू एस्तेरनं नीट पाहून ठेवलं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली!

विंझरमध्ये साळव्यांचं घर सगळ्यांना माहीत होतं. वेल्ह्याच्या रस्त्यावरून ओढ्याकडे उतरलं की अगदी शेवटचं. एस्तेरचे पप्पा वेल्ह्याच्या बाजारात मोटार दुरुस्तीचं दुकान चालवायचे. आई पूर्वी भोरला शाळेत शिकवायची. आता ती फक्त या दोघांना शिकवायची, आपल्याच स्वयंपाकघरात. सकाळी प्रार्थना, मग पोळपाटाशेजारी गणित, आणि मग सगळी वरात बाहेर! पक्षी बघा, माती बघा, ओढ्याचं पाणी तपासा. गावातली पोरं शाळेत असायची तेव्हा ही दोघं काठावर उकिडवी बसलेली असायची. लोकांना ते विचित्र वाटायचं. वाटू दे की! पण विचित्र वाटतं म्हणून त्या घरातल्या पोरांचा कान पिरगाळायचा? हा कुठला न्याय?

संध्याकाळी पप्पा दुकानातून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि ते हातावरचं ग्रीस पुसत बसले.

"बोला ना काहीतरी!" एस्तेर म्हणाली.

"उद्या गेनबांना भेटतो. शांतपणे बोलतो. आणि हनुमंतला माफ करू या."

"माफ? का म्हणून? त्यानं मागितलीय माफी?"

"एस्तेर, आवाज खाली," आई म्हणाली.

"नेहमी मीच का आवाज खाली करायचा? ते ओरडले तरी आपण हळू बोलायचं! त्यांनी कान पिरगाळला तरी आपण प्रार्थना करायची! मला नाही माफ करायचं. देवाला काय वाटायचं ते वाटू दे!"

योएल लाल झालेला कान चोळत बसला होता. आईनं एस्तेरकडे पाहिलं, पण ती रागावली नाही. ती फक्त थकलेली दिसली, आणि त्यामुळे एस्तेरला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात सोनिया आली. ती गेनबा आजोबांची नात, एस्तेरची जिवाभावाची मैत्रीण. तिच्याबरोबर तिचा आत्येभाऊ सोमनाथ होता. तो भोरचा, सुट्टीला आलेला, गळ्यात दुर्बीण आणि पायांत नवे बूट.

"आजोबानं म्हटलंय तुमच्याकडं जायाचं न्हाई," सोनिया म्हणाली. "म्हणून मागल्या दारानं आलो."

"मग परत जा!" एस्तेर फणकारली. "तुझे आजोबा आम्हाला घालवून देतायत."

"माझ्यावर कशाला चिडतीस गं? म्या काय केलं?"

"एक मिनिट," सोमनाथ मध्ये पडला. "भांडण नंतर. या बाटल्या कसल्या?"

खिडकीच्या कट्ट्यावर योएलच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. सुट्टी लागली तरी पठ्ठ्या रोज सकाळी ओढ्याचं पाणी भरायचं सोडत नव्हता. आईनं शिकवल्याप्रमाणे तो त्यात जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस टाकायचा. पाणी चांगलं असेल तर फिकट जांभळं दिसायचं. लिंबू पिळलं तर लालसर. आणि साबणाचं पाणी असेल तर...

"हिरवं!" योएल म्हणाला. काल गप्प राहिलेलं पोरगं आज तावातावानं बोलत होतं. "हे बघ, ही मंगळवारची जांभळी. ही शुक्रवारची जांभळी. आणि ही हिरवी. आणि ही जुनी, पण हीसुद्धा हिरवी. हिरव्या सगळ्या सोमवारच्या आहेत!"

एस्तेरनं एक हिरवी बाटली उचलली, झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. साबण, आणि साबणाखाली संडासाचा वास. शी!

"म्हणजे सोमवारी सकाळपर्यंत कुणीतरी घाण टाकतं," सोमनाथ म्हणाला. "कधी? शनिवारी?"

"रविवारची बाटली कुठाय?" सोनियानं विचारलं.

"रविवारी आम्ही अभ्यास करत नाही, ओढ्यावरही जात नाही," एस्तेर म्हणाली. "रविवारी घरी भक्ती असते, आम्हा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना. भोरची, वेल्ह्याची माणसं येतात. सगळे आत बसतो आणि..." ती बोलता बोलता थांबली. "सोनिया! आम्ही गातो तेव्हा तुमच्या मळ्यात ऐकू येतं?"

"येतं म्हंजे? लई येतं! ढोलकी, पेटी, समदं. आजी म्हणती, झाली बया यांची सुरुवात!"

"मग आम्हाला बाहेरचं काय ऐकू येणार? आठवडाभर मी आणि योएल ओढ्यावर असतो. तेवढा एकच वेळ नसतो. आम्ही आत गात असतो, आणि कुणीतरी बाहेर आमच्याच गाण्याच्या आडून ओढा नासवतो!"

तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. आपलं गाणं! पप्पांची पेटी, आईचा तो गोड आवाज! त्याचा असा वापर?

चौघंही ओढ्याकडे पळाली. रस्त्याखालून ओढा जातो त्या मोरीच्या खालच्या बाजूला, करवंदीच्या जाळीमागे, मोठ्या चाकांच्या खुणा सापडल्या. काठावरचं गवत आडवं झालं होतं, जाड पाइप ओढत नेल्यासारखं.

"टँकर!" सोमनाथ कुजबुजला. "गावात टँकर कुणाचा आहे?"

सोनियानं चाकांच्या खुणांकडे पुन्हा एकदा बघितलं. "एकाचाच. हनुमंतकाकाचा. वरल्या त्या नव्या रिसॉर्टची संडासाची टाकी उपसायचं काम त्येच्याकडंच हाय. लांब नेऊन टाकतो म्हणून सांगतो समद्यांना."

"लांब! हे बघा लांब!" एस्तेरनं चिखलावर लाथ मारली. "आणि वर माझ्या भावाचा कान धरतो!"

"मी लपून मोबाईलवर शूटिंग करतो," सोमनाथ म्हणाला.

"तो म्हणेल, पाणी भरायला थांबलो होतो. आपलं कोण ऐकणार? गेनबा आजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं. त्याच वेळी, तिथंच."

"म्या सांगते आजोबाला, की मळ्यात साप निघालाय," सोनिया म्हणाली.

"नको, खोटं नको," एस्तेर म्हणाली आणि स्वतःवरच चिडली. रागातसुद्धा आईची शिकवण सुटत नव्हती! "मी त्यांना खरं तेच सांगते."

ती तडक गेनबा आजोबांच्या गोठ्यात गेली. म्हैस मान टाकून पडली होती. आजोबा तिच्याजवळ बसून तिची पाठ चोळत होते. एस्तेरला त्यांचा राग आला होता, आणि म्हशीची दयाही आली. दोन्ही एकदम.

"आजोबा, रविवारी आमच्याकडे भक्तीला या," ती दात आवळून म्हणाली. "घर सोडायला सांगताय ना? मग एकदा बघा तरी आम्ही घरात काय करतो. येताना चार माणसं आणा. घाबरत असाल तर राहू द्या."

"घाबरतो? म्या?" आजोबांच्या मिश्या थरथरल्या. "येतो की! कुणाला भितो का काय!"

आता पप्पांना पटवायचं राहिलं होतं. एस्तेरनं चाकांच्या खुणा, हिरव्या बाटल्या, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "सोमनाथनं खूण केली की गाणं एकदम थांबवायचं. मध्येच."

"देवाचं गाणं मध्येच तोडायचं?" पप्पांचा चेहरा पडला. "लोक काय म्हणतील? आणि नसलाच कुणी बाहेर तर?"

एस्तेर काही बोलणार तोच आई म्हणाली, "तोडू या. उरलेलं देव समजून घेईल. माझ्या मुलाचा कान मी रात्री शेकलाय. तू पेटीवरचा हात उचल, बाकी मी बघते."



रविवार उजाडला. "सलाम, सलाम" करत भोरची, वेल्ह्याची मंडळी आली. पाठोपाठ गेनबा आजोबा आणि त्यांच्याबरोबर चार शेतकरी. ते चपला काढून दाराशीच बसले, अवघडून. सोमनाथ ओढ्याकडच्या जांभळाच्या झाडावर दुर्बीण घेऊन चढला. त्याची खूण आत पोचवायला सोनिया परसदारी उभी राहिली.

पेटी वाजू लागली. ढोलकीवर थाप पडली. सगळे गाऊ लागले, आणि एस्तेरही गायली, पण तिचे कान आणि डोळे परसदाराकडे होते. एक कडवं झालं. दुसरं झालं. काहीच नाही! न आला तर? आजोबा उठून गेले तर?

तिसऱ्या कडव्याला सोनियानं ओढणी हलवली.

एस्तेरनं हात वर केला. पप्पांचे हात क्षणभर अडखळले, आणि मग पेटीवरून उठले. ढोलकी थांबली. तीस-चाळीस माणसांचा आवाज एका झटक्यात बंद झाला.

आणि त्या शांततेत ऐकू आलं. घर्रर्र... घर्रर्र... पंप! घराच्या मागेच, इतका जवळ, की खिडकीची तावदानं थरथरत होती!

"ह्यो कसला आवाज?" गेनबा आजोबा काठी टेकून उठले.

"तेच दाखवायला तुम्हाला बोलावलं!" एस्तेर ओरडली. "चला!"

सगळं घर बाहेर पडलं. पुढे एस्तेर आणि योएल, मागे आजोबा, शेतकरी, मंडळी. मोरीच्या खालच्या बाजूला निळा टँकर उभा होता. जाड पाइपातून काळंकुट्ट पाणी भसाभसा ओढ्यात पडत होतं. फेस, आणि असा वास की बायकांनी पदर नाकाला लावला. हनुमंतकाका टँकरला टेकून तळहातावर तंबाखू मळत होते, आणि पायानं अजून त्या गाण्याचा ताल धरला होता! गाणं थांबल्याचं त्यांच्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी मान वळवली, आणि तंबाखू तळहातावरच राहिली.

"गेनबा... त्ये... गाडी बंद पडली हुती..."

"गप!" आजोबांचा आवाज घुमला. "पंप बंद कर आधी!"

"एकदाच केलंय. पुढं घाट, डिझेल किती जातं..."

"एकदाच?" झाडावरून सोमनाथ ओरडला. "तुम्ही पाइप कुठल्या दगडावर ठेवायचा तेही न बघता ठेवलात, इतकी सवय आहे! सगळं मोबाईलमध्ये आहे!"

"आन् रिसॉर्टवाल्याला किती लांब सांगितलं हुतंस रं?" एक शेतकरी पुढे झाला. "माझी पोरं ह्याच पाण्यात पवत्यात!"

मग जो गलका झाला! कुणी पंप बंद केला, कुणी टँकरची किल्ली काढून घेतली. तहसील कार्यालयात तक्रार द्यायची ठरलं, ओढा हनुमंतानं आणि रिसॉर्टनं मिळून साफ करायचा ठरलं, आणि त्या पाण्यानं आजारी पडलेल्या प्रत्येक जनावराचा औषधपाण्याचा खर्चही त्यांच्याच माथी पडला. लोक एस्तेरच्या भोवती जमले.

"लई डोक्याची पोरगी!" एकजण म्हणाला.

"आमच्या शाळंतल्या पोरांना जमलं नसतं!" दुसरा म्हणाला. सोनियानं त्याच्याकडे डोळे वटारले.

गेनबा आजोबांनी एस्तेरच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास! वाघीण हाईस. सांग तुझ्या बापाला, घर सोडायचं नाव काढू नगा."

सगळे हसले. एस्तेर हसली नाही. गेले कित्येक दिवस आतल्या आत जे धुमसत होतं, ते या कौतुकानं विझलंच नाही, उलट भडकलं.

"मला शाबासकी नको," ती म्हणाली. तिनं आवाज खाली केला नाही. "माझी आई भाजी आणायला गेली की बायका तिच्याशी बोलायच्या थांबायच्या. का? तिनं काय केलं होतं? तुम्ही कुणी येऊन तिला विचारलंत? आजोबा, आधी आईची माफी मागा."

एवढ्याशा पोरीनं गेनबांना असं म्हणावं! एस्तेरनं पप्पांकडे पाहिलं. आता ते म्हणणार, एस्तेर, गप्प. पण या वेळी पप्पा काहीच बोलले नाहीत.

आजोबांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, काखेत धरली आणि आईसमोर हात जोडले.

"बाई, चुकलं आमचं. न विचारता दोष दिला. पोर बरोबर बोलतीया."

आईनं मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले.

एस्तेरनं योएलचा हात धरला आणि त्याला गर्दीतून पुढे आणलं, थेट टँकरपाशी. हनुमंतकाका मान खाली घालून उभे होते.

"हनुमंतकाका," ती म्हणाली, "आता तुम्ही. आणि माझी नाही, याची."