सोमजाईचा कौल

"सात पिढ्या आम्ही सोमजाईचे गुरव. देवाची सुईसुद्धा आमच्या हातून हरवलेली नाय," असं सहदेव गुरव सांगायचा. कोणी विचारलं नाही तरी सांगायचा.

एकतीस सालच्या श्रावणानंतर त्याने सांगणं बंद केलं.

ही गोष्ट खरी आहे. पोलादपूरच्या खाली, सावित्रीच्या काठचं गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथे राहतात. आणि रात्र-बित्र नव्हती. चांगली दुपार होती.

पिठोरीच्या आदल्या दिवशी वर महाबळेश्वरात पाऊस कोसळला आणि इकडे नदी फुगली. पाणी देवळाच्या पहिल्या पायरीला लागलं. देवळात पेटी. पेटीत चांदीचे पाच मुखवटे, एक सोमजाईचा आणि चार इतर देवांचे, शिमग्याला पालखीत बसतात ते. ते वाहून गेले तर गावाला पालखी नाही, आणि सहदेवला गावात तोंड नाही.

त्याचा मेहुणा सयाजी उमरठहून चार दिवस जेवायला आला होता. त्याला हाताशी धरलं. पण सहदेवची आत्या ठमाबाई देवळाच्या दारात आडवी झाली. कौल घेतल्याबिगर देव हलवायचा नाही, म्हणाली.

कौल म्हणजे सोमजाईच्या पाषाणाला दोन बाजूंनी दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार. डावी पडली तर नकार.

डावी पडली.

सहदेव म्हणाला, वारा होता. पुन्हा लावल्या.

डावी...

तिसऱ्यांदाही डावी. पाणी दुसऱ्या पायरीवर.

ठमाबाई पाणी बघायला वळली. तेवढ्यात सहदेवने नैवेद्याच्या भाताचं शीत घेतलं आणि डावी पाकळी घट्ट चिकटवून टाकली. देवीला वाचवायचं, म्हणून देवीलाच फसवलं.

हात जोडले. तोंड उघडलं...

विचारायच्या आधीच उजवी पडली.

"दिला गो आत्ये, होकार दिला."

कोणी दिला, हे बघायला वेळ नव्हता.

मुखवटे मोजून फडक्यांत गुंडाळले. पाच. पेटीला कुलूप लावलं, पेटी बांबूला टांगली. टेकाडावरच्या गोठ्याकडे निघाले. पुढे सयाजी, मागे सहदेव, त्याच्या मागे इरलं घेतलेली ठमाबाई.

ओहोळापाशी बेडूक ओरडत होते. पेटी जवळ आली...

सगळे गप्प झाले.

मग सहदेवच्या ध्यानात आलं. पाऊस धो धो, पेटीचं झाकण मात्र कोरडं. आणि पेटीच्या तळातून पाणी गळत होतं...

आतून.

सयाजी थांबला. "दाजी, बांबूला लटकताय काय? जड का झाली?"

"बहिणीच्या हातचं खाऊन तूच जड झालायस. चल."

दहा पावलांवर आवाज आला. टक... टक... पेटीच्या आतून.

सयाजीने मागे न बघता विचारलं, देव असं वाजवतात काय. सहदेवने सांगितलं, वाजवतात. सात पिढ्यांत कधी वाजवलं नव्हतं.

गोठ्यात पेटी उघडली. फडकी सोडली. एक, दोन, तीन, चार, पाच...

सहा.

सहावा ओला होता. डोळ्यांच्या खाचांत नदीची वाळू. कुठल्या देवाचा चेहरा, तिघांनाही ओळखू येईना. बाकी पाचांचे ओठ मिटलेले. याचे जरासे उघडे. हो म्हणताना उघडतात तसे.

शिताची गोष्ट सहदेवने तिथेच ओकून टाकली. ठमाबाई ओरडली नाही. त्यालाच तो जास्त घाबरला.

"सोमजाई नाय म्हणाली होती, मेल्या. जो हो म्हणाला, तो आलाय. नदीचं नदीला दे."

सहदेवने ओला मुखवटा उचलला. दोघांना दाखवला. टेकाडाच्या कडेला गेला आणि खाली पुरात भिरकावला. पाण्याचा आवाज आलाच नाही...

संध्याकाळी पूर उतरला. देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलंसुद्धा नव्हतं.

सयाजी मरेपर्यंत शपथेवर सांगायचा, दाजींच्या हातात ओलाच मुखवटा होता, मी बघितला. मी हे त्याच्या तोंडून दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा मला मध्येच उठून दाराला कडी लावावीशी वाटली.

पेटी देवळात परत आणली. गावासमोर उघडली.

मुखवटे पाच होते.

सोमजाईचा नव्हता.