मिठाचं गिऱ्हाईक

आडे सर त्या संध्याकाळी घरून निघाले ते फक्त मिठाची एक बरणी आणायला.

शेकोटी जरा इकडं सरकवा, म्हणजे सांगतो. आणि मधे कोणी मोबाइल काढायचा नाही. दुकान वाढवल्यावर या ओट्यावर बसून मी आजवर पुष्कळ थापा मारल्या असतील, पण ही थाप नाही. राजकुमार आडेंना तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिलेलं आहे. जुन्या रस्त्यावरच्या ‘लदेणी’ कॉलेजचे आडे सर. उंच, थोडे पोक आलेले, रस्त्यानं जाताना प्रत्येक दुकानाच्या पाटीकडे बघत चालणारे. त्यांनी मला जे सांगितलं तेच मी सांगतोय, पदरचं मीठ-मसाला काही नाही.

रात्र होती दोन हजार चोवीसच्या एकतीस डिसेंबरची. मंगळवार. आदल्याच दिवशी सोमवती अमावस्या होऊन गेलेली, म्हणजे आभाळात चंद्र औषधालाही नव्हता. आपल्या पांढरकवड्यात त्या रात्री काय चाललं होतं ते तुम्हालाच जास्त माहीत. ढाबे भरलेले, डीजे चालू, कोंबड्यांचे भाव वधारलेले. जुन्या रस्त्यावर मात्र चिटपाखरू नाही. हायवे बाहेरून गेला तेव्हापासून तो रस्ता सुनाच पडलेला.

आता ‘लदेणी’ काय होती ते आधी ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

धावजी पवार म्हणून एक माणूस होता. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर मीठ-धान्य वाहायचे. बंजाऱ्यांच्या त्या फिरत्या व्यापाराला लदेणी म्हणत. रेल्वे आली, लदेणी मोडली, तांडे जमिनीला टेकले. धावजींच्या डोक्यातून मात्र ती गेली नाही. टायपिंगच्या चार जुन्या मशिनी घेऊन त्यांनी यवतमाळला दोन खोल्यांत वर्ग काढला. तांड्यातली पोरं आली, बौद्धवाड्यातल्या पोरी आल्या. कोणी परीक्षा पास होऊन कचेरीत चिकटलं, कोणी स्वतःचं दुकान टाकलं. मग नेरला वर्ग निघाला, मग ढाणकीला, शेवटी आपल्याकडे. शाखा म्हटलेलं धावजी सरांना चालत नसे. ते म्हणायचे मुक्काम. नेरचा मुक्काम, ढाणकीचा मुक्काम. पुढं मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले, कॉम्प्युटरमागून बीबीए आलं, भिंतींना टाइल्स लागल्या आणि पोरांच्या गळ्यात टाय आले.

एक खोली मात्र प्रत्येक मुक्कामात जशीच्या तशी राहिली. सरावाचं दुकान. लाकडी काउंटर, टांगलेला तराजू, मागं फळ्या. पुड्यांत साखरेच्या जागी रेती, चहाच्या जागी भुसा. पोरांनी आळीपाळीनं दुकानदार व्हायचं, गिऱ्हाईक व्हायचं. मी हसायचो. माझी शाळा चौथीत सुटलेली. म्हणायचो, धावजीभाऊ, दुकानदारी काय वर्गात बसून येते? ते म्हणायचे, “शेठ, तुमाले भुकेनं शिकवलं. या पोराईले मी शिकवून राह्यलो. भुकेपक्षा मी बरा ना?”

त्या खोट्या दुकानात एकच वस्तू खरी असायची. मीठ. खडामीठ, चिनी मातीच्या बरणीत. नवा मुक्काम उघडला की जुन्या मुक्कामातलं मूठभर मीठ फडक्यात बांधून तिथं न्यायचं, असा सरांचा दंडक.

आणि काउंटरचे नियम. गिऱ्हाइकाला ‘थांबा’ म्हटलं की ते तुमचं. मग त्याचं काम होईपर्यंत उठायचं नाही, दुसरीकडे बघायचं नाही, फोन वाजला तर वाजू द्यायचा. माल संपला असेल तर ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘उद्या या’ म्हणायचं. आणि उद्या म्हणजे उद्या. स्वतः नसलात तर दुकानाचा माणूस हवा, पण माल मिळालाच पाहिजे.

या विषयाला सर मार्क देत नसत. कधीतरी, न सांगता, एसटीनं यायचे. डोक्यावरून घोंगडी घेऊन दारात तिरके उभे राहायचे, चेहरा दिसू न देता विचारायचे, “मीठ हाय का?” पोरानं पुडी नीट बांधून दिली, तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर त्याच पुडीचा दोरा सापडायचा. दोन बोटांवर गुंडाळलेला, टोक आत खोचलेलं. ती गुंडी मिळाली म्हणजे पोरगं पास. आदिलाबादला एका होलसेलरच्या गल्ल्यात मी अशी गुंडी अजून पाहिली आहे. गणपतीच्या फोटोशेजारी ठेवतो तो.

आडे सर यवतमाळच्या पहिल्याच तुकडीतले. त्यांची पाळी होती त्या संध्याकाळी बरणी रिकामी. घोंगडीवाल्यानं मीठ मागितलं आणि हे बोलून गेले, “नाही, संपलं.” घोंगडीवाला वळला आणि निघून गेला. त्यावर धावजी सर पुढं कधी एक शब्द बोलले नाहीत. उलट याच पोराला त्यांनी मास्तर केलं, पांढरकवड्याचा मुक्काम त्याच्या हाती दिला, त्याच्या लग्नात वाढपी म्हणून राबले. पण गुंडी आली नाही. आडे सरांनी शेकडो पोरं तयार केली, त्यातल्या कितीतरी पोरांच्या गुंड्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. स्वतःची नाही. हे ते मला आयुष्यात एकदाच बोलले, त्यांच्या बायकोच्या, जयावहिनींच्या दहाव्याला.

मग दिवस फिरले. गावोगाव कॉलेजं झाली, पोरं पुण्याला पळाली, नंतर लॉकडाऊन आलं. नेरचा मुक्काम हलला, ढाणकीचा हलला, यवतमाळची इमारत विकली गेली. दर वेळी आडे सर जाऊन तिथलं मीठ घेऊन आले आणि इथल्या बरणीत ओतलं. दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये धावजी सर गेले. रस्ते अडवलेले, गाड्या नाहीत. आडे सरांना तोंड पाहायला मिळालं नाही. वर्षभरानं इथलाही शेवटचा वर्ग सुटला.

घरी हा माणूस एकटा. लेक रंजिता पुण्यात. तिनं एक जानेवारीच्या संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं होतं, फक्त जाण्याचं. फोनवर म्हणाली होती, “बाबा, ह्या खेपेले नाही आले, तर मी पुन्हा म्हणणार नाही.” आणि त्याच सकाळी इमारतीची किल्ली मालकाला द्यायची होती. तिथं बियाण्याचं गोदाम होणार. म्हणजे बरणी आणायची तर ती एकच रात्र.

तर गेले. शटर अर्धं वर केलं, वाकून आत शिरले. मीटर कधीच काढून नेलेलं. मोबाइलचा टॉर्च लावला. वर्गात बाकांवर धूळ, फळ्यावर कोणीतरी काढलेला बदाम. ते न थांबता सरावाच्या दुकानात गेले. मोबाइल काउंटरवर उभा करून ठेवला, उजेड फळ्यांकडे. दाराकडे पाठ.

बरणी होती. झाकण फुटलेलं. आत हात घातला तर काही नाही. वर पत्रा गळत होता, एवढ्या पावसाळ्यांत मीठ पाणी होऊन गेलं होतं. फळीवरून खाली, भिंतीवरून जमिनीपर्यंत, एक पांढरी रेघ तेवढी वाळलेली. यवतमाळ, नेर, ढाणकी, पांढरकवडा. सगळं मिळून ती एक रेघ.

आडे सर त्या रेघेवरून बोट फिरवत उभे राहिले.

मागून आवाज आला.

“मीठ हाय का?”

आणि यांच्या तोंडून निघून गेलं, “थांबा. देतो.”

सवय, दुसरं काय. तीस-पस्तीस वर्षांची सवय. गिऱ्हाईक आलं की आधी जीभ बोलते, मग डोकं चालतं. डोकं चाललं तेव्हा ध्यानात आलं. शटर वर सरकल्याचा आवाज झाला नव्हता. बाकांमधून कोणी चालत आल्याचाही नाही.

ते हळूच वळले.

दारात कोणीतरी उभं होतं. तिरकं. डोक्यावरून घोंगडी. मोबाइलचा उजेड दुसरीकडे, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी अंधार. ओल्या लोकरीचा वास… आणि पाऊस तर दोन महिन्यांत नव्हता.

“याडी…” आडे सरांच्या तोंडून आईला मारलेली हाक निघाली.

बाहेर लांब कुठंतरी डीजे वाजत होता. इथं काही नाही. पळायचं तर दार एकच. आणि दारात तर…

पण मला ते म्हणाले, शेठ, पाय भीतीनं धरले नव्हते. ‘थांबा’ म्हटलं होतं मी. म्हटल्यावर उठायचं कसं?

काउंटरवर मोबाइल थरथरला. रंजिता. नाव चमकत राहिलं. उजेड हलला, फळ्यांच्या सावल्या हलल्या.

दारातली हलली नाही.

फोन वाजू दिला. वाजला. थांबला. पुन्हा वाजला. त्यांना ठाऊक होतं, उचलला नाही तर ती काय समजेल. बाबांनी बेत बदलला. पुन्हा बदलला. त्यांनी हात उचलला नाही.

फोन थांबला.

दारातला वाट बघत होता. किती वेळ… कोण जाणे. रागावून नाही. नुसता उभा. जगात कोणाकडेच जायचं नसलेला माणूस उभा राहतो, तसा.

आडे सरांच्या ओठावर तोच जुना शब्द आला होता. नाही. संपलं. रिकामी बरणी तर समोर होती. एक शब्द, की सुटका.

त्यांनी तो गिळला.

“उद्या या.”

मग घोंगडीतून, अगदी हळू…

“उद्या कोन हाय इथं?”

आडे सर मला म्हणाले, एवढा जड प्रश्न जया गेली तेव्हाही कोणी विचारला नव्हता. ‘मी हाय’ एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर उद्याची गाडी गेली. लेक गेली. आणि उद्यानंतर पुन्हा उद्या. त्या काउंटरमागून हा माणूस उठलाच नसता.

त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे.

“दुकानाचा मानूस असन,” ते म्हणाले. आणि मागून, न ठरवता, “सर.”

टॉर्च विझला. बॅटरी. काळोखात ते तसेच उभे राहिले. वास हळूहळू विरला. धूळ उरली…

सकाळी माझं शटर उघडताना आडे सर पायरीवर बसलेले. डोळे लाल. रंजिताशी बोलून झालं होतं, येतो म्हणाले होते. सगळं मला सांगितलं. मग म्हणाले, शेठ, दुकानाचा माणूस पाहिजे, तुमच्याशिवाय कोणाला सांगू? मी हसून उडवायला गेलो. त्यांनी मला माझ्याच गल्ल्यावर बसवून दोन्ही नियम म्हणून घेतले. अडुसष्टाव्या वर्षी माझं कॉलेजात नाव लागलं.

पुडी त्यांनीच बांधली. खडामीठ, वर्तमानपत्राचा कागद, सुती दोरा. संध्याकाळी ट्रॅव्हल्स निघाली तेव्हा मी त्या इमारतीच्या पायरीवर होतो. शटरला मालकाचं नवं कुलूप. पुडी ठेवली. पार अंधार पडेपर्यंत बसलो. कोणी आलं नाही. थंडी वाजायला लागली तसा घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गेलो. पुडी नव्हती.

काय म्हणालास, रजत? “कोनी उचलली असन, काका”? असन. मीही तेच म्हणालो. पांढरकवड्यात मीठ चोरणारा मला तरी माहीत नाही, पण असन.

पायरीवर दोऱ्याची गुंडी होती. दोन बोटांवर गुंडाळलेली. टोक आत खोचलेलं.

आडे सरांना फोन लावला. गाडीनं नुकतंच पुण्यात उतरवलं होतं, मागं रंजिताचा आवाज येत होता, बॅग द्या, बॅग द्या. मी सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. म्हणाले, “ठेवा तुमच्यापाशी. मी आलो की घेतो.”

ती या गल्ल्यात आहे, डाव्या कप्प्यात. पाहायची असेल त्यानं उद्या दिवसा या.

एवढंच माझ्या मनातून जात नाही. पुडी ठेवली त्या रात्री दव असं पडलं होतं की रस्त्यावरच्या ट्रकांच्या ताडपत्र्या गळत होत्या. माझा जोडा पायरीवर घसरला. पायरी ओलीचिंब होती.

दोरा कोरडा होता.