देव पाण्यात ठेवणारी इटालियन मुलगी

पाचगणीच्या एका शाळेनं आपली जुनी संगीताची खोली रिकामी केली, तो ऑगस्टमधला रविवार होता. धुकं असं, की स्वतःच्या छत्रीचं टोक दिसेना. व्हरांड्यात खोकी मांडून ठेवली होती, ज्याला जे हवं ते त्यानं न्यावं. मी एका खोक्यात हात घातला आणि पलीकडून आणखी एक हात आला. एकाच रेकॉर्डच्या दोन कडा दोघांच्या हातात.

"सोडा. बोटांचे ठसे उमटतील," मी म्हणाले.

"कुणाचे? तुमचे की माझे?" असं म्हणून तो हसला... आणि सोडली नाहीच.

असा मला सुमंत भेटला. सांगलीचा वकील, चष्म्यावर धुक्याचं पाणी साचलेलं, बाही कोपरापर्यंत भिजलेली. तो आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डी शोधत होता आणि मी ऑपेरा. त्या रेकॉर्डवर दोन्हीपैकी काय आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं, कारण कव्हर हरवलेलं होतं. मध्यावरची अक्षरं इटालियन निघाली. म्हणजे ती माझी झाली.

आता माझ्यासारखीनं ऑपेरा ऐकावा, हे मुळातच लाजिरवाणं प्रकरण. मी संयोगिता. उंब्रजजवळचं उसातलं घर, वडील लालासाहेब सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. मी साताऱ्यात दातांचा दवाखाना चालवते. पुण्याला शिकताना होस्टेलवर गोव्याची एक मुलगी माझ्या खोलीत होती, तिनं हा नाद लावला आणि तो काही सुटला नाही. घरी पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तर वडील गोठ्यातून धावत आले. "कोन गेलं गं? ही बाई रडतीया का भांडतीया?" त्यानंतर घरात मी ते कधी लावलं नाही. दवाखान्यात, शेवटचा पेशंट गेला की दार लावून ऐकायचं. चोरून खाल्ल्यासारखं.

आणि इथे हा माणूस त्या ओलसर व्हरांड्यात माझ्याकडे कौतुकानं बघत होता. एवढ्या कौतुकानं साताऱ्यात माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं... हां, अक्कलदाढ न दुखता काढली की बघतात, पण ते वेगळं. त्यानं विचारलं, "तुम्हाला यातले शब्द कळतात?"

नाही म्हणायचं होतं, एवढंच. नाही, कळत नाहीत, नुसते सूर आवडतात. यात काय जात होतं माझं? पण जीभ वळलीच नाही.

"थोडे थोडे," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी तो साताऱ्याला आला. खास माझ्यासाठी नाही म्हणे, कुठल्या तरी पक्षकाराचं काम होतं. (तो पक्षकार मला आजतागायत दिसलेला नाही.) दवाखाना बंद होता. मी रेकॉर्ड लावली. तो पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसला, मी खुर्ची मागे कलती केली, आणि वर पत्र्यावर पाऊस पडत असताना ती बाई गायला लागली. सावकाश, गळा दाटून आल्यासारखी. एका ठिकाणी तिचा आवाज असा उतरत जायचा, की माझ्या अंगावर काटाच यायचा.

"काय म्हणतेय ती?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

आणि मी सुटले. म्हटलं, नदीकाठी एक मुलगी उभी आहे. तिचा माणूस लढाईवर गेलाय. पत्र येत नाही. रोज संध्याकाळी ती घाटाच्या पायऱ्या उतरते, दिवा सोडते. शेवटी ती देव पाण्यात ठेवते आणि म्हणते, तो आल्याशिवाय तुम्हाला बाहेर काढणार नाही. हे सगळं मी कुठून आणलं, ते तेव्हा कळलंही नाही मला. वडील सीमेवर असताना माझी आई, चंद्राबाई, घरात जे जे करायची तेच माझ्या तोंडून बाहेर पडत होतं. फक्त नावं तेवढी इटालियन.

रेकॉर्ड संपली.  त्यानं चष्मा काढून पुसला, आणि मी स्वतःवरच इतकी खूश झाले... की आता आठवलं तरी अंग चोरावंसं वाटतं.

असे रविवार होत गेले. तो त्याच्या रेकॉर्डी आणायचा, लावायचा, डोळे मिटायचा आणि हळूच सांगायचा, "हा मारवा." मी त्याच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहायची. वाटायचं, याला सगळं खरं खरं कळतं आणि मी ही अशी थापाडी. त्याचे वडील विष्णुपंत म्हणजे सांगलीच्या श्रवण मंडळाचे अध्यक्ष. घरात तीन पिढ्या गाणं ऐकणाऱ्यांच्या. अशा घरातला मुलगा माझ्या खुर्चीत पडून माझ्या थापा ऐकत होता, आणि मी त्याच्या प्रेमात पडले होते. पार बुडाले होते. खरं काय ते त्याला कळलं तर तो उठून जाईल, परत येणार नाही, या भीतीनं मी आणखी थापा मारत होते. रात्री ठरवायची, या रविवारी सांगून टाकू. रविवारी तो म्हणायचा, "डॉक्टर, आज काय सांगतेय तुमची बाई?" की झालं.

मग ते आमंत्रण आलं. श्रवण मंडळाच्या बैठकीत मी ऑपेरावर बोलावं, तीच रेकॉर्ड ऐकवावी. मी हजार कारणं सांगितली. विष्णुपंतांनी स्वतः फोन केला. "आवं, आमच्या मंडळींना जरा बाहेरचं वारं लागू द्या," म्हणाले. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार?

सांगलीचा तो छोटा हॉल भरलेला होता. पांढऱ्या धोतर-सदऱ्यातली मंडळी पुढे, बायका एका बाजूला, आणि मागच्या खिडकीशी सुमंत. मी मोतिया रंगाची साडी नेसले होते, ती त्याला आवडते म्हणून. रेकॉर्ड लावली. मुलगी सांगितली, नदी सांगितली, देव पाण्यात ठेवले. पुढे बसलेल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला. टाळ्या पडल्या. मी सुमंतकडे बघितलं तर तो खाली बघत होता.

तेवढ्यात पद्माताईंनी हात वर केला. मुलीच्या बाळंतपणाला मिलानला जाऊन वर्षभर राहून आलेल्या बाई. आवाजात खोच अजिबात नाही, नुसती अडचण. म्हणाल्या, "माझं आपलं भाजी-बाजारापुरतं इटालियन हो. चुकत असेन. पण यात कोंबडी येतेय मघापासून. आणि करपली, करपली असं म्हणतेय ती."

 कुणीतरी मोबाइल काढला, दोन मिनिटांत शब्द निघाले, अर्थ निघाला, आणि तो मोठ्यानं वाचलाही गेला. ती मुलगी नव्हतीच. ती स्वयंपाकीण होती. मालकाची कोंबडी करपवून बसली होती, आणि त्यानं रागावू नये म्हणून रडण्याचं सोंग करत होती.

आधी एक जण हसला. मग सगळे. पदर लावलेल्या आजी तर सगळ्यांत जास्त. दुष्टपणानं नाही, पण हसले, पोट धरून हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. धरणीनं पोटात घ्यावं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं मला. मी काहीतरी पुटपुटले, कुणाला ऐकू गेलं नसेल. रेकॉर्ड तशीच फिरत ठेवून मी बाजूच्या दारानं बाहेर आले आणि चपला शोधायला लागले. डोळ्यांत पाणी, त्यामुळे पन्नास चपलांत माझ्या कुठल्या तेच दिसेना.

आतून विष्णुपंतांचा आवाज आला. त्यांना सभा सावरायची होती. "असो, असो. आता आपण आपलं ऐकू. ही तबकडी महापुरात सापडली होती, लेबल पार धुऊन गेलंय. राग कोणता ते आमचे चिरंजीव सांगतील."

चार सूर वाजले असतील. मग सुमंत म्हणाला, "मला नाही सांगता येणार, बाबा."

"नीट ऐक की."

"नीट ऐकूनही नाही येत. कधीच येत नव्हतं. मी लेबल वाचतो आणि मग डोळे मिटतो."

मी एक चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिले. आत कुणी हसलं नाही. हसण्यासारखं ते नव्हतंच. अध्यक्षांचा मुलगा, लहानपणापासून पहिल्या रांगेत बसलेला, ज्याच्याकडे बोट दाखवून लोक आपल्या पोरांना ऐकायला बसवायचे. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि तो बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

मी विचारलं, हे कशाला बोललात तुम्ही? काहीतरी अंदाजानं ठोकून द्यायचं, नाहीतर थोडं आणखी ऐकू द्या म्हणायचं. वकील ना तुम्ही?

"तुम्ही एकट्याच लाजत होतात," तो म्हणाला. "मला बघवेना."

मी भिंतीला टेकले. मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला पुन्हा मरणाची लाज वाटली. त्याला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. इटलीतली मुलगी दिवा सोडेल एखादवेळेस, पण देव पाण्यात कसे ठेवील?

"म्हणजे इतके दिवस हसत होतात मला?"

"ऐकत होतो." तो माझ्याकडे बघत नव्हता, चपलांच्या ढिगाकडे बघत होता. "घरात सगळ्यांना गाणं कळतं. मी आपला दाराबाहेर उभा राहिल्यासारखा. मान डोलवायची, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही... त्या दिवशी तुम्ही बोलायला लागलात आणि पहिल्यांदाच गाणं ऐकून माझे डोळे भरले. ते बंद होईल म्हणून काही बोललो नाही. सांगायला हवं होतं. तुम्हाला आज इथं उभं राहू द्यायला नको होतं, ही चूक माझी. बाबांनी बोलावलं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, पण मग माझंही बिंग फुटलं असतं."

मला त्याचा रागही आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम, एकाच वेळी. मी काही म्हणणार, तोच विष्णुपंत बाहेर आले. एकटेच. वय एकदम दिसायला लागलं होतं त्यांचं. मुलाकडे त्यांनी बघितलंच नाही.

मला म्हणाले, "यानं आज मला चारचौघांत खाली बघायला लावलं."

"माझ्यामुळे झालं ते," मी म्हणाले.

"तुमचं तुम्ही बघा. मी याचं विचारतोय. इतकी वर्षं नाटक केलं यानं, माझ्याशी, माझ्या घरात. तुम्हाला लाज नाही वाटत अशा माणसाची?"

पदर घसरलेला, एका पायात चप्पल आणि एक हातात. आत सगळं मंडळ कान देऊन बसलेलं, आणि दार उघडं.

"माझी वाटते, खूप वाटते," मी म्हणाले. "यांची नाही वाटत. मला आवडतात हे. लग्न करायचंय मला यांच्याशी."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं, हे मी सुमंतला अजून एकदाही सांगितलेलं नव्हतं. त्याच्या वडिलांना सांगून बसले होते.

मी तोंड लपवायला दोन्ही हात वर नेले, हातातली चप्पल पडली. सुमंत खाली वाकला, ती उचलली आणि माझ्या पायाशी ठेवली. उठला तेव्हा त्याचे कान माझ्यापेक्षा लाल झाले होते.

विष्णुपंतांनी आता कुठे मुलाकडे बघितलं. मग आत वळता वळता म्हणाले, "मग असे दारात काय उभे? आत येऊन बसा दोघं. चहा निवतोय."

आम्ही आत गेलो. सगळे आमच्याकडे बघत होते, आणि आम्ही दोघं जमिनीकडे. पण आम्ही पहिल्याच रांगेत बसलो, शेजारी शेजारी.