वाकड्या करंगळीचा जोड

दुपारची जेवणं आटोपून रुग्णालय निवांत झालं, की मागच्या व्हरांड्यात रबरी हातमोज्यांची तपासणी सुरू होई. दिवसातला हा प्रहर सहादेवला सर्वांत प्रिय होता. कोल्हारच्या त्या लहानशा धर्मादाय रुग्णालयाचं भांडार त्याच्याकडे होतं. कात्र्या, चिमटे, काचेच्या पिचकाऱ्या, जे जे वापरून परत येई, त्याचा हिशेब त्याला तोंडपाठ असे. सावलीतल्या दोरीवर धुतलेले मोजे ओळीनं लटकत. प्रवरेच्या कोरड्या पात्रावरून वारा आला की ते हळूच हलत, जणू कुणी सावकाश निरोप घेत आहे.

पूर्वी मोज्यांत पाणी भरून गळती पाहत. पण त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात पाणी प्यायलाच जेमतेम होतं. म्हणून मोजे धुणारी आया, छबूबाई, मोजा मनगटाशी पिळून त्यात हवा कोंडी आणि फुगलेली बोटं एकेक करून गालाशी धरी. कुठून झुळूक लागली की तिथं ठिगळ, सायकलच्या पंक्चरसारखं. मग पावडर, मग वाफ. प्रत्येक वाफेनंतर सहादेव मनगटावर पक्क्या शाईचा एक ठिपका देई. सहा ठिपके झाले की मोजा बाद. मनगटाशी कात्री मारायची, विश्वस्त आप्पासाहेबांना दाखवायचा आणि बॉयलरखाली जाळायचा. एका जोडाची किंमत सहा बाळंतपणांवर वाटली जाई. प्रत्येक वस्तूला नेमकं आयुष्य असावं आणि त्या आयुष्याला कुणी साक्षी असावा, यात सहादेवला खोल समाधान वाटे.

घरीही समाधान होतं, पण दिव्याच्या ज्योतीवर हात धरावा तसं जपलेलं. मालनला दिवस भरत आले होते. पहिलं मूल पोटात आडवं राहिलं आणि गेलं होतं. त्या वेळी म्हाताऱ्या परिचारिका राहीबाई तिच्या उशाशी बसून होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, “दुसऱ्या टायमाला मीच हाय, पोरी. हात सोडायची न्हाई.” नंतरच्या कार्तिकात राहीबाई तापानं गेल्या.

“भाऊसाहेब, ह्यो जोड बघा जरा,” एका दुपारी छबूबाई म्हणाली.

उजव्या हाताचा मोजा तिच्या मुठीत फुगून उभा होता. चार बोटं सरळ होती. करंगळी मात्र बाहेरच्या अंगाला वळलेली होती.

“वाफेनं रबर आखडतं, छबूबाई.”

“येकाच बोटाचं?” तिनं मोजा उन्हाकडे धरला. “राहीबाईची करंगळी आशीच हुती. रहाटाच्या दोरात मोडल्याली.”

“मग सांगा त्यांना, परत करताना बोटं सरळ करत जा म्हणावं.”

छबूबाई हसली. तिनं मूठ सोडली, हवा सुस्कारत निघून गेली. बाकीची बोटं मिटली. करंगळी क्षणभर तशीच राहिली, मग सावकाश निजली.

सहादेवनं ठिपके पाहिले. सहा. त्यानं दोन्ही मोज्यांच्या मनगटांना कात्री मारली. रबर कोमट लागलं. पण उन्हाळ्यात काय कोमट नसतं?

“हा काय, कुणाला खुणावतोय का रे?” आप्पासाहेबांनी बाद मोज्यांतून तो नेमका उचलून विचारलं, आणि आपल्याच विनोदावर खुशीत हसले. सगळे मोजे सहादेवनं स्वतः बॉयलरखाली टाकले. जळक्या रबराचा वास संध्याकाळपर्यंत आवारात रेंगाळला.

आठवड्यानं, भर दुपारी, मालनला कळा सुरू झाल्या.

डॉक्टरीणबाई तपासून बाहेर आल्या. “सहादेव, मूल याही वेळी आडवंच आहे. वळवून पाहते. चांगला जोड द्या.”

त्यानं नवा कोरा जोड काढला, वाफेवरून आणला, ठिपका दिला आणि आत पाठवला. एकच जोड. मग तो व्हरांड्यात दोरीखाली उभा राहिला. दोरी रिकामी होती. वारा पडला होता.

आत मालन ओरडत होती. मग ओरडणं थांबलं.

ती शांतता लांबत गेली.

मग मूल रडलं.

डॉक्टरीणबाई घाम पुसत आल्या. “मुलगा. दोघं सुखरूप आहेत.” त्या आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. “माझ्यानं वळत नव्हतं. मी हात काढून घेतला होता, सहादेव. त्यानंतर वळलं.”

सहादेव आत गेला. मालन थकून हसत होती. “बाईंनी हात काढला, तरी दुसरा हुता की,” ती पुटपुटली. “ऊन ऊन हात.”

तो बाहेर आला तेव्हा छबूबाई धुतलेल्या मोज्यांचं घमेलं घेऊन बसली होती.

घमेल्यात दोन जोड होते.

एकावर त्याचा ठिपका होता. दुसऱ्याच्या मनगटावर शाई नव्हती. कात्रीची खूणही नव्हती.

छबूबाईनं त्यातला उजवा मोजा उचलला, पिळला.

करंगळी बाहेरच्या अंगाला वळली.

सहादेवनं शाईची बाटली उघडली. वापरून आलेल्या वस्तूची नोंद व्हायलाच हवी. त्यानं त्या जोडावर पहिला ठिपका दिला आणि तो दुसऱ्या जोडाशेजारी वाळत घातला.

बारशाच्या दुपारी घर भरलं होतं, घुगऱ्यांचा वास दरवळत होता. सहादेव इतका तृप्त होता की त्याला त्या जोडाची आठवणही नव्हती. पाहुण्या पांगल्यावर मालन पाळण्याशी वाकली.

“अवं, ह्याची मूठ बघा. कवाच मिटत न्हाई पुरती.”

बाळ गाढ झोपलं होतं. इवल्या बोटांच्या आत एक गोल पोकळी होती, बोटाएवढी. सहादेव हसला आणि त्यानं आपली करंगळी हळूच तिच्यात सरकवू पाहिली.

आत जागा नव्हती.

त्यानं बोट मागं घेतलं. टोकाला मोज्यांची पांढरी पावडर लागली होती.